पालकांनी बाहेर थांबावे
पोट दुखते, डोके दुखते म्हणून बारावीतला मुलगा ओपीडीत येतो. तपासण्या नॉर्मल निघतात. झोप लागत नाही, क्लासला जावेसे वाटत नाही, हे तो सांगत नाही. शेजारी आई असते आणि उत्तरे तीच देते. समुपदेशकाने पहिली दहा मिनिटे तरी मुलाशी एकट्याने बोलावे. जिवाला धोका असल्याखेरीज बोलणे बाहेर जाणार नाही, हेही आधीच सांगावे. पालकांना राग येतो, येऊ द्यावा.

राज्यातल्या सरकारी रुग्णालयांतून १० ते १९ वयोगटासाठी ‘मैत्री’ क्लिनिक चालतात. टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास सुरू आहे. पण क्लिनिकला स्वतंत्र खोलीच नसेल, पडद्यापलीकडे केसपेपरची रांग असेल, तर मुलगा पोटदुखीच सांगणार.