जिवंत भ्रूण आणि प्रकाशाचा पट

भ्रूणाची घडण पाहण्याची जिज्ञासा जुनी आहे. ते जिवंत असताना पाहण्याची सोय मात्र अगदी अलीकडची. एकोणिसाव्या शतकात विल्हेल्म हिस याने मायक्रोटोम वापरून भ्रूणाचे अतिशय पातळ काप क्रमाने घेतले. १८८३ साली गुस्टाव्ह बोर्न याने अशा कापांच्या आकृत्या मेणाच्या पत्र्यांवर उतरवून, कापून, एकावर एक रचण्याची रीत सांगितली. या चिकाटीला तोड नाही. परंतु काप घ्यावयाचा तर भ्रूण आधी मारावे लागे, आणि एका क्षणापासून दुसऱ्या क्षणापर्यंतची हालचाल अभ्यासकाला तर्कानेच भरून काढावी लागे.

मार्विन मिन्स्की याने १९५७ साली ज्याच्या एकस्वासाठी अर्ज केला, त्या कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाने सुरीवाचून काप घेता येऊ लागले. मात्र त्यात पाहावयाचा थर एकच असला, तरी प्रकाश वरच्या-खालच्या सर्व थरांतून जातो. तीव्र प्रकाशाने रंगद्रव्ये फिकी पडतात, पेशींना इजा होते. अशा इजा झालेल्या भ्रूणाची हालचाल नैसर्गिक मानावी काय, हा प्रश्न सुबक चित्रांच्या कौतुकात पुष्कळदा मागे पडतो.

त्यावरील उपाय साधा आहे. प्रकाशाचा पातळ पट बाजूने सोडावा आणि त्याच्याशी काटकोनात भिंग ठेवून पाहावे. मग पाहावयाचा थर तेवढाच उजळतो. १९०३ साली सीडेनटॉप्फ व झिग्मोंडी यांनी लाल काचेतील सोन्याचे सूक्ष्म कण याच युक्तीने पाहिले होते. जिवंत भ्रूणांसाठी तिचे सामर्थ्य मात्र २००४ साली हायडेलबर्ग येथे हुइस्केन, स्टेल्झर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेडाका मासा व फळमाशी यांवर दाखविले. २००८ साली केलर व सहकाऱ्यांनी झेब्राफिशच्या भ्रूणातील पेशींच्या हालचालींचा पहिल्या चोवीस तासांचा आलेख तयार केला. हा मासा मूळचा आपल्याच उपखंडातील ओढ्यांचा. १८२२ साली हॅमिल्टनने गंगेच्या मत्स्यांवरील ग्रंथात त्याचे वर्णन केले. त्याचे पारदर्शक भ्रूण प्रथम परदेशात असे न्याहाळले गेले, याची थोडी रुखरुख वाटल्यास नवल नाही.

म्हणून सूक्ष्मदर्शकाची थोरवी चित्राच्या रेखीवपणावर न ठरविता, निरीक्षणानंतर भ्रूण निकोप वाढते की नाही यावर ठरवावी. अर्थात पटाच्याही मर्यादा आहेत: अपारदर्शक ऊतीत प्रकाश विखुरतो व खोलवरचे चित्र अस्पष्ट होते, तेथे जुना मायक्रोटोम आजही हवा.

अशी तयार यंत्रे फार महाग असतात. परंतु २०१३ साली ओपनस्पिम या नावाने अशा सूक्ष्मदर्शकाचा आराखडा, सुट्या भागांच्या यादीसह, सर्वांना खुला करण्यात आला. तो जुळविण्यास भौतिकशास्त्राचा आणि मासे वाढविण्यास प्राणिशास्त्राचा विभाग लागतो. हे दोन्ही विभाग आपल्या अनेक महाविद्यालयांत एकाच आवारात असतात. त्यांच्यात बोलणे मात्र क्वचितच होते.