आधी छप्पर, मग कूलर

अकोला-अमरावतीत आमच्या अनेक कारागिरांचे घर आणि काम एकाच जुन्या छपराखाली चालते. पूर्वी वर धाब्याची माती किंवा कवेलू असत. जाड माती उन्हाची झळ लवकर खाली येऊ देत नसे. दरवर्षीच्या डागडुजीला कंटाळून आपण टिनपत्रे टाकली आणि आता दर उन्हाळ्यात त्याची किंमत मोजतो. मे 2024 मध्ये अकोल्यात पारा 45 अंशांपुढे गेला, तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांना 144 कलम लावावे लागले. अशा दुपारी माळ्यावर शिलाई करणारा कारागीर मशीन सोडून उठतो. मजुरी नगावर असल्याने नुकसान त्याचे, आणि माल उशिरा गेल्याने दुकानदाराचेही.

आमचे सांगणे एवढेच की, कूलर घेण्याआधी छपराकडे पाहावे. पत्र्यावर पांढरा रंग द्यावा. अहमदाबाद महापालिकेने 2017 पासून गरीब वस्त्यांत हेच सुरू केले. स्लॅबला चुना चालतो. पत्र्याखाली वीतभर जागा सोडून बांबूच्या चटया बांधाव्यात आणि दोन्ही टोकांना झरोके ठेवावेत, म्हणजे तापलेली हवा निघून जाते. बांबूही पेटतो, म्हणून वायरी पाइपातूनच न्याव्यात. थर्माकोल तर नकोच.

खरी अडचण भाड्याच्या जागांची आहे. मालक म्हणतो, भाडे थोडे. भाडेकरू म्हणतो, घर माझे नाही. दोघांनी खर्च निम्मा वाटून तसे लिहून घ्यावे आणि मार्च लागण्यापूर्वी काम उरकावे. मे महिन्यात तापल्या पत्र्यावर चढायला माणूस मिळत नाही.