पुरुषांच्या गटात स्त्री मार्गदर्शक हवीच

संपादक महाशयांस,



पत्नीला मारहाण करणाऱ्या पुरुषांना सुधारावयाचे असेल तर त्यांचे गट पुरुषानेच चालवावेत, कारण स्त्री समोर असली की ते मन मोकळे करीत नाहीत, हा आक्षेप जाणत्या मंडळींकडूनही ऐकू येतो. तो मला सर्वथैव अमान्य आहे.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या डुलुथ शहरी १९८०च्या दशकाच्या आरंभी एलेन पेन्स, मायकेल पेमार प्रभृतींनी अशा पुरुषांसाठी जे काम उभारले, त्याच्या मुळाशी पीडित स्त्रियांच्या अनुभवांतून निघालेला हा निष्कर्ष होता की, मारहाण हा केवळ संतापाचा उद्रेक नसून घरातील हुकमत टिकविण्याचे साधन असते. हे निदान मान्य केले, तर एक स्त्री व एक पुरुष यांनी मिळून गट चालवावा हा त्या पद्धतीचा आग्रह ओघानेच पटतो. निव्वळ पुरुषांच्या बैठकीत ज्याला मोकळेपणा म्हणतात, त्यात कबुलीचा अंश थोडा आणि गैरहजर पत्नीविरुद्धची कैफियतच फार असते, आणि सज्जन मार्गदर्शकही सहानुभूतीच्या भरात त्या कैफियतीला नकळत रुकार देऊन बसतो.

मात्र स्त्रीला नुसते शेजारी बसविल्याने कार्यभाग साधत नाही. प्रश्न तिने विचारावा आणि उत्तर तिच्या सहकाऱ्याकडे पाहून दिले जावे, तिचे म्हणणे वादग्रस्त ठरावे आणि तेच त्याने उच्चारताच सर्वांना पटावे, असे जेव्हा घडते, तेव्हा चर्चा तेथेच थांबवून घडले त्याचाच विचार गटाने करावयास हवा. आणि तो विषय काढण्याची जबाबदारी दर वेळी तिच्यावर न टाकता, तिचा कैवारी म्हणून नव्हे तर स्वतःचाच प्रश्न म्हणून, पुरुष सहकाऱ्याने ती उचलली पाहिजे. उलट, नियम त्याने सांगावयाचे आणि हजेरीपट तिने सांभाळावयाचा, अशी वाटणी झाली तर त्या पुरुषांनी घरात आजवर जे केले त्यालाच गटात मान्यता मिळते, आणि असा गट नसलेला बरा.

आपल्याकडे २००५च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याच्या १४व्या कलमान्वये न्यायदंडाधिकारी प्रतिवादीस समुपदेशनाचा हुकूम देऊ शकतात. समुपदेशक शक्यतो स्त्री असावी आणि प्रतिवादीस हिंसेचे समर्थन करण्याची मुभा नसावी, असेही त्याखालील २००६चे नियम सांगतात. तक्रारदार स्त्रीच्या दृष्टीने ही तरतूद योग्यच आहे. परंतु अत्याचारी पुरुषांच्या दीर्घ मुदतीच्या गटांची व्यवस्था त्यात नाही, आणि त्यांना वळणावर आणण्याचा सारा भार एकट्या स्त्रीच्या शिरावर टाकणे हा अन्याय होय.

तेव्हा राज्याच्या महिला व बालविकास विभागास विनंती की, असे गट सुरू करताना प्रत्येक गटावर स्त्री व पुरुष अशी दोघांची नेमणूक समान वेतनावर व समान अधिकारांनी करावी, आणि न्यायालयाकडे जाणाऱ्या अहवालावर दोघांच्याही सह्या असाव्यात.

आपली विश्वासू,
एक वाचक