आजीचं साडेआठ

गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या गल्लीत फायबरची तार आली आणि त्याच संध्याकाळी घरात ठराव मंजूर झाला, की आता डिशचा रिचार्ज करायचा नाही. हिशेब सरळ होता. नेटचे पैसे भरायचेच आहेत, त्याच तारेवरून टीव्ही दिसतो, मग दोनदा खर्च कशाला? ठराव आमच्या ह्यांनी मांडला, नववीतली थोरली आणि पाचवीतला धाकटा यांनी अनुमोदन दिलं, मीही हात वर केला. सासूबाईंना कुणी विचारलं नाही. त्या देवापाशी वाती वळत बसल्या होत्या.

सणाच्या सवलतीत दोन ॲप घेतली, त्यातलं एक वर्षभराचं. क्रिकेट, कार्टून, ह्यांच्या मारधाडीच्या सिरीज, सगळं आलं. आठ-दहा दिवसांनी माझ्या लक्षात आलं, की रात्री साडेआठला सासूबाई शाल पांघरून शेजारच्या काकूंकडे जातात. काकूंकडे अजून डिश आहे. मी विचारलं तर म्हणाल्या, "आपल्या टीव्हीत माही मालिका नाई ना वं आता. तुमी पाहा सारे, मी येतो जाऊन." रागानं बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

बालाघाटात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, पण इथे घरात मराठी वाहिनी आपोआप येत नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली तेव्हा नागपूर आणि त्या वेळचा भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला, आपण मध्य प्रदेशात राहिलो. सासूबाईंचं माहेर तुमसरचं. त्यांच्या लेखी माहेर-सासरच्या मध्ये फक्त बावनथडी आहे. डिशच्या लेखी मात्र ते दोन वेगळे 'पॅक' आहेत. आम्हाला मिळालेल्या पॅकमध्ये हिंदी वाहिन्या ढीगभर होत्या, मराठी एकही नाही. फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायच्या नव्या नियमाने वाहिन्या एकेक निवडता येऊ लागल्या, तेव्हा सासूबाईंनी बोटावर मोजून तीन मराठी वाहिन्या सांगितल्या आणि ह्यांनी त्या जोडून घेतल्या. घरच्या टीव्हीवर त्यांनी स्वतः निवडलेल्या त्या तीनच गोष्टी होत्या. आम्ही नेमक्या त्याच बंद केल्या.

मग मी वही घेऊन बसले. आधी करायचं ते नंतर केलं म्हणा. कोण काय पाहतं, किती वाजता, आणि कुणाला स्वतःच्या हाताने लावता येतं, असे तीन रकाने आखले. तिसऱ्या रकान्यात सासूबाईंपुढे 'नाही' लिहिताना जरा अवघडले.

त्या वहीतून पहिली गोष्ट ही कळली, की ॲप चांगलं की वाईट हा प्रश्नच नाही. मालिका कुठल्या वाहिनीची, एवढंच बघायचं. झी मराठीचं सगळं झी फाइव्हवर. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी जिओहॉटस्टारवर. सोनी मराठीची हास्यजत्रा सोनी लिव्हवर. सासूबाईंच्या तीन वाहिन्या म्हणजे तीन वेगळी दुकानं, आणि आम्ही घेतलेल्या दोन ॲपमध्ये त्यातलं एकही नव्हतं!

दुसरी गोष्ट कळली ती पैसे देऊन. ह्यांच्या फोनच्या रिचार्जबरोबर एक ॲप फुकट मिळत होतं, म्हटलं चला, एक दुकान तरी सुटलं. टीव्हीवर लावायला गेलो तर उघडेना. तासभर खटपट केल्यावर बारीक अक्षरं वाचली, ते फक्त मोबाइलपुरतं होतं. असे मोबाइलचे प्लॅन बऱ्याच कंपन्यांचे असतात. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१ मध्ये भारतातले दर उतरवले तेव्हा १४९ रुपयांचा प्लॅन सगळ्यांना स्वस्त वाटला, पण तो फोन आणि टॅबलेटवरच चालणारा. म्हणून 'फुकट' ऐकलं की आधी विचारा, टीव्हीवर चालतं का आणि एका वेळी किती पडद्यांवर.

बैहर, लांजीकडे ज्यांच्याकडे अजून फायबर नाही, त्यांच्यासाठी वेगळा हिशेब. टीव्हीवर एचडी चित्र पाहिलं तर तासाला साधारण ३ जीबी डेटा जातो, साध्या चित्राला १ जीबी. फोनचा रोजचा दीड-दोन जीबीचा प्लॅन जोडून टीव्ही पाहायला बसलात तर सिनेमा मध्यंतराच्या आत आटोपतो. त्यांनी डिश मुळीच काढू नये.

आणि वर्षभराची वर्गणी? माझं मत विचाराल तर, टाळा. आम्ही सवलतीला भुललो. पण हा धंदा दर सहा महिन्यांनी कूस बदलतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा आणि हॉटस्टार एक झाले, त्याच वर्षी जूनमध्ये प्राइम व्हिडिओवर जाहिराती सुरू झाल्या. सिनेमेही आज इथे, उद्या तिथे. मुलांना 'एलिझाबेथ एकादशी' दाखवायचा असेल तर तो सध्या कुठे आहे हे आधी शोधा, मग त्या महिन्यापुरते पैसे भरा.

तर सासूबाईंच्या साडेआठच्या मालिकेसाठी झी फाइव्ह घेतलं. प्रश्न संपला असं आम्हाला वाटलं. थोरलीने टीव्हीवर आजीसाठी वेगळं प्रोफाइल केलं, भाषा मराठी केली. ते जरूर करा. आमच्या एकाच प्रोफाइलवर सगळे पाहत होते तेव्हा पहिल्या पानावर सगळी हिंदी आणि हिंदीत डब केलेली दक्षिणेची गर्दी, मराठी शोधायला खाली खाली जावं लागे. आजीच्या प्रोफाइलवर आठवडाभरात मराठी वर आली. धाकट्याच्या प्रोफाइलला वयाची मर्यादा आणि पिन लावला. २०२१ च्या नियमांनुसार प्रत्येक कार्यक्रमावर ७, १३, १६ वर्षांवरील किंवा फक्त प्रौढांसाठी अशी खूण असते, ती वाचायची सवय आता मलाच लागली आहे.

पण सासूबाई दुपारी तीनलाच मालिका पाहू लागल्या. पैसे भरणाऱ्यांना तिथे भाग टीव्हीच्या आधी मिळतो. तेव्हा मुलं शाळेत, मी कामावर. पाहून झालं की त्या काकूंना पुढचं सांगून टाकत. काकू दोन दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत.

हसू आलं, पण मला खटकलं ते दुसरंच. पूर्वी साडेआठला धाकटा आजीजवळ लोळत मालिका पाहायचा. पाहायचा कसला, प्रश्न विचारायचा. "आजी, कुरघोडी म्हणजे? आजी, माप ओलांडणं म्हणजे?" जाहिरात लागली की आजी सांगायची, उठून दूध बघून यायची, परत सांगायची. हिंदी शाळेत जाणाऱ्या माझ्या मुलाच्या दिवसातला तो अर्धा तास मराठीचा होता. माझ्याशी तो 'मम्मी, मैं खेळून येऊ क्या' असं बोलतो, आणि खरं सांगायचं तर मीही त्याला तसंच उत्तर देते. आता सगळं कधीही पाहता येतं म्हटल्यावर आजी दुपारी टीव्हीवर, धाकटा रात्री फोनवर, कानात बोंडं. भांडण नाही, रिमोटची ओढाताण नाही. घर अगदी शांत झालं होतं, आणि ती शांतता मला नको होती.

मी सासूबाईंना सांगितलं, "आई, तुमची मालिका रात्री साडेआठलाच लावायची. धाकटा लावून देईल." त्या म्हणाल्या, "त्याले कारटून पाहायचं रायते ना." धाकट्याशी तह केला. साडेआठ ते नऊ आजीबरोबर, त्यानंतर त्याचं अर्धा तास. पहिले चार दिवस तो फुरंगटून बसला. पाचव्या दिवशी खलनायिकेवर आजीपेक्षा तोच जास्त चिडला. जाहिराती नाहीत, तर तो मधेच थांबवतो आणि अर्थ विचारतो. आजीला थांबवणं आवडत नाही. ओरडा खातो, तरी विचारतो.

रविवारी मात्र सगळ्यांचा एक सिनेमा. त्यात 'शेरनी' लावला तो दिवस आठवतो. अमित मसुरकरांचा हा सिनेमा जून २०२१ मध्ये प्राइमवर आला, आणि त्याचं बरंचसं चित्रीकरण आपल्याच बालाघाट जिल्ह्यातल्या जंगलांतलं. साल वृक्ष दिसले तशा सासूबाई पुढे सरकल्या. "हे तं आपलं जंगल होय!" सिनेमा हिंदी, पण त्यावरचं बोलणं सगळं मराठीत झालं. २०१८ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात मारलेल्या अवनी वाघिणीचं प्रकरण थोरलीला माहीत नव्हतं, ते ह्यांनी सांगितलं. मग सासूबाईंनी लहानपणी गावाच्या वेशीवर ऐकलेल्या वाघाची गोष्ट सांगितली, जी मीही पंधरा वर्षांत पहिल्यांदा ऐकली.

आमची आजची व्यवस्था अशी. झी फाइव्ह कायम. बाकीच्यांतून एका वेळी एकच, महिन्याचे पैसे भरून, तेही पाळीपाळीने. वर्षभराचं घेतलेलं संपलं की पुन्हा घेणार नाही. गच्चीवर डीडी फ्री डिशची छत्री बसवली. एकदा खर्च, दरमहा काही नाही, आणि सह्याद्रीच्या बातम्या येतात. रस्ता खोदताना फायबर तुटली तेव्हा तिनेच तारलं. वीज गेली की दोन्ही बंद, त्याला इलाज नाही. प्रसार भारतीचं वेव्हज हे ॲपही टाकून ठेवलं आहे, २०२४ च्या नोव्हेंबरात गोव्याच्या चित्रपट महोत्सवात ते सुरू झालं. सह्याद्री त्यावरही दिसते.

सासूबाईंच्या रिमोटवर नेलपॉलिशचे दोन ठिपके लावले आहेत, लाल चालू करायला, गुलाबी त्यांच्या ॲपला. वहीतला 'नाही' मी खोडला. पुढच्या महिन्यात मुलांच्या परीक्षा आहेत, तेव्हा पाळीचं ॲप बंद. साडेआठ चालू राहील, धाकट्याने ते आधीच विचारून घेतलं आहे.