चिंधीचा बाहुला, संग्राहक आणि आपण



पर्युषण जवळ आले की स्थानकात मुलांना नियम देण्याची लगबग सुरू होते. आठ दिवस रात्रिभोजन नाही, हिरवी भाजी नाही, आणि अलीकडे या यादीत आणखी एक नियम हमखास असतो : आठ दिवस व्हिडिओ गेम नाही. नियम चांगला आहे, त्याबद्दल वाद नाही. परंतु तो देताना त्या खेळात नेमके असते तरी काय, हे आपण मुलांना सहसा विचारत नाही. मीही विचारले नव्हते. बारा वर्षांपूर्वी माझ्या नातवानेच मला एक प्रश्न विचारला, आणि उत्तर देण्यासाठी मला त्याच्या शेजारी जाऊन बसावे लागले.

खेळाचे नाव ‘लिटलबिगप्लॅनेट’. इंग्लंडमधील गिल्डफर्ड या गावी मीडिया मॉलिक्यूल नावाची एक छोटी संस्था २००६ मध्ये स्थापन झाली. तिने हा खेळ घडविला आणि सोनी कंपनीने ऑक्टोबर २००८ मध्ये तो प्लेस्टेशन ३ या यंत्रासाठी बाजारात आणला. खेळाचा नायक म्हणजे विणलेल्या तपकिरी कापडाचा, पोटावर चेन असलेला एक चिमुकला बाहुला. त्याचे नाव सॅकबॉय. तो धावतो, उडी मारतो, स्पंजसारख्या मऊ वस्तू धरून लोंबकळतो. बटण दाबले की हसतो, रुसतो, घाबरतो. आपल्या आजीने जुन्या स्वेटरच्या लोकरीतून विणून दिलेल्या बाहुल्याची आठवण व्हावी, असेच त्याचे रूप आहे.

एवढ्यावर हा खेळ थांबला असता, तर त्याविषयी लिहिण्याचे कारण नव्हते. त्याचे वैशिष्ट्य असे की खेळणाऱ्याला स्वतः नव्या लेव्हल रचता येतात. लाकूड, पुठ्ठा, काच, धातू, दगड, स्पंज असे साहित्य हाताशी दिलेले असते. त्याला बोल्ट, दोरी, मोटर, दट्ट्या, कळ हे जोडायचे आणि आपली सृष्टी उभी करायची. दगड जड असतो, पुठ्ठा हलका असतो. पाया कच्चा राहिला तर पूल खरोखर कोसळतो. काही चिकाटीच्या मंडळींनी याच दट्ट्या आणि कळा जोडून बेरीज-वजाबाकी करणारे यंत्रसुद्धा बनविले. रचलेली लेव्हल इंटरनेटवर प्रसिद्ध केली की जगातील कोणीही ती खेळू शकत असे, आवडल्यास तिला हृदयाची खूण देत असे. पाहता पाहता अशा लेव्हलची संख्या काही दशलक्षांवर गेली. त्या रचणाऱ्यांत बहुसंख्य जण तुमच्या-आमच्या घरातल्यासारखी सामान्य माणसे होती.

आता नातवाचा प्रश्न. खेळात काही दुष्ट प्राणी असतात. त्यांच्या अंगावर मेंदूसारखा मऊ गोळा बसविलेला असतो. बाहुल्याने त्यावर उडी मारली की तो फुटतो, प्राणी नाहीसा होतो आणि गुण मिळतात. दहा वर्षांच्या त्या मुलाने खेळता खेळता हात थांबवून विचारले, “आजी, याचं पाप लागतं का गं?”

‘छे, ते खोटंच तर आहे,’ असे म्हणणे सोपे होते. पण जैन घरातील आजीला तसे सहज म्हणता येत नाही, कारण तिला राजा यशोधराची कथा ठाऊक असते. सोमदेवसूरींनी इ. स. ९५९ मध्ये ‘यशस्तिलक’ या ग्रंथात ती विस्ताराने सांगितली आहे. देवीला बळी द्यावा असा आग्रह माता चंद्रमती धरते. राजा जिवंत प्राणी मारण्यास नकार देतो. तडजोड म्हणून पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी दिला जातो. प्राणी खोटा होता, परंतु मारण्याचा संकल्प खरा होता. त्या एका संकल्पापायी मायलेकांना मोर आणि कुत्रा अशा तिर्यंच योनींत जन्म घेत भटकावे लागले. द्रव्यहिंसा घडली नाही तरी भावहिंसा घडू शकते, हे आपल्या आचार्यांनी पिठाच्या कोंबड्यावरून हजार वर्षांपूर्वी समजावले.

मी त्याला ही कथा सांगितली. त्याचबरोबर असेही सांगितले की, कर्मबंधाची तीव्रता भावाच्या तीव्रतेवर अवलंबून असते. खड्डा ओलांडावा तसा अडथळा ओलांडणे निराळे आणि कोणाला तरी चिरडण्यात रस येणे निराळे. “तुझ्या मनात काय चाललं होतं ते तुलाच माहीत. तूच बघ.” तो बराच वेळ गप्प बसला. नंतर त्याने स्वतःची लेव्हल रचली तेव्हा तिच्यात एकही मेंदूवाला प्राणी ठेवला नाही. मी तसे सुचविले नव्हते. उत्तर आयते दिले असते तर ते त्याचे झाले नसते, असे मला आजही वाटते.

ती लेव्हल म्हणजे कुंभोज-बाहुबलीचा डोंगर होता. आदल्या सुट्टीत आम्ही तेथे गेलो होतो. पुठ्ठ्याच्या पायऱ्या, लाकडाचे कठडे, वाटेत पाण्याची टाकी आणि वर दगडी शिखर. पायऱ्या करता करता तो एकदम थांबला आणि “जागा संपली!” म्हणून ओरडला. पडद्याच्या कडेला तापमापकासारखी एक पट्टी असते. आपण वस्तू टाकत जातो तशी ती चढत जाते. पूर्ण भरली की नवीन काही ठेवता येत नाही. नवे हवे असेल तर जुने काढावे लागते. मला हसू आले. श्रावकाच्या पाचव्या अणुव्रताचे, परिग्रह-परिमाणाचे, इतके सोपे चित्र मी कुठे पाहिले नव्हते. घर किती, वस्त्रे किती, धनधान्य किती, याची मर्यादा आपण आधीच आखून घ्यावी, असे ते व्रत सांगते. आपल्या कपाटांना अशी चढणारी पट्टी नसते, म्हणून तर व्रत घ्यावे लागते. नातवाने दोन निरुपयोगी कारंजी काढून टाकली आणि पायऱ्या पूर्ण केल्या. डोंगर अधिक देखणा झाला.

या खेळाची मूळ कथाही आपल्याला ओळखीची वाटावी अशी आहे. कल्पनेच्या त्या सृष्टीत निरनिराळ्या प्रदेशांचे निरनिराळे रखवालदार आहेत. एका प्रदेशाचे नाव ‘मंदिरे’; तेथील महाल, हत्ती आणि नर्तकी भारतावरून घेतल्या आहेत. या सर्व प्रदेशांत लोकांनी घडविलेल्या वस्तू एकमेकांना द्यायच्या, हा रिवाज. मात्र एक जण त्या पळवून नेतो, रखवालदारांनाही कोंडून ठेवतो आणि कोणाला काही देत नाही. त्याचे नावच ‘संग्राहक’. शेवटी बाहुला त्याला हरवतो, तेव्हा तो रडवेला होऊन कबूल करतो की त्याला कोणी मित्र नव्हते. आणि ज्यांना त्याने लुटले तेच त्याला आपल्यात घेतात. त्याला शिक्षा होत नाही, त्याचा वध होत नाही. संचयाच्या मुळाशी बहुधा भय आणि एकटेपणा असतो, हे आपण प्रवचनांत अनेकदा ऐकतो. मुलांच्या खेळाने ते दोन मिनिटांत दाखविले, आणि त्यावरचा उपाय म्हणून क्षमाही दाखविली.

आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी. खेळातील काही ठिकाणी ठेवलेली बक्षिसे एकट्याला मिळूच शकत नाहीत. एकाने कळ दाबून धरायची आणि दुसऱ्याने वर चढायचे. त्यासाठी घरात दुसरा खेळाडू नव्हता, म्हणून नातवाने मला धरून आणले. माझा बाहुला दर दोन पावलांनी खड्ड्यात पडे. “आजी, तू फक्त कळ दाबून उभी राहा,” असे म्हणून तो वर चढून जाई. तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात जीवांचे कार्य एकमेकांवर उपकार करणे हे सांगितले आहे. त्या सूत्राचा अर्थ मी कित्येक वर्षे पाठशाळेत शिकविला. कळ दाबून उभे राहण्यातही उपकार असतो, हे मला तेथे उमगले.

खेळ बाजारात येण्यापूर्वीची एक घटनाही विचार करण्यासारखी आहे. त्यातील एका गीतात कुराणातील दोन वचने असल्याचे ऐन वेळी लक्षात आले. संगीताच्या तालावर ती वाजल्याने मुस्लिम श्रद्धाळूंचे मन दुखावेल, म्हणून सोनीने जगभर पाठविलेल्या चकत्या परत मागविल्या, विक्री पुढे ढकलली, दिलगिरी व्यक्त केली आणि शब्द काढून टाकलेले संगीत घातले. गंमत अशी की ते गीत मालीतील थोर कोरावादक तुमानी दियाबाते यांचे होते आणि ते स्वतः मुस्लिम होते. त्यांच्या परंपरेत असे गाणे ही श्रद्धेचीच अभिव्यक्ती. एकाच्या दृष्टीने भक्ती, दुसऱ्याच्या दृष्टीने अवमान, दोघेही प्रामाणिक. अनेकांत समजावताना हत्ती आणि आंधळे यांचे उदाहरण आपण नेहमी देतो. मुलांना हे नवे उदाहरणही द्यावे.

यानंतर मात्र मला माझ्याकडे वळले पाहिजे.

इंटरनेटवरील त्या लेव्हल ज्या सर्व्हरवर ठेवलेल्या होत्या, त्यांपैकी प्लेस्टेशन ३ चे सर्व्हर सप्टेंबर २०२१ मध्ये कायमचे बंद झाले. नव्या यंत्रावरून जुन्या लेव्हल पाहता येत होत्या. परंतु जानेवारी २०२४ मध्ये तेही सर्व्हर थांबले आणि एप्रिलमध्ये ते पुन्हा सुरू होणार नाहीत, असे जाहीर झाले. नातू आता अभियांत्रिकीला आहे. त्याचा फोन आला. “आजी, माझा बाहुबलीचा डोंगर गेला गं. पण मूळ प्रत आपल्या जुन्या मशीनमध्ये असेल. माळ्यावर बघशील का?”

माळ्यावर ते यंत्र नव्हते. दोन दिवाळ्यांपूर्वी साफसफाई करताना मीच ते भंगारवाल्याला दिले होते. त्याला विचारले नव्हते. अडगळ कमी केल्याचे समाधान मात्र भरपूर वाटले होते. फोनवर मी त्याला अनित्य भावना समजावू लागले : जे घडते ते मोडते, मोह ठेवू नये, वगैरे. तो शांतपणे ऐकत होता. मग इतकेच म्हणाला, “हो आजी, ते खरं आहे.”

फोन ठेवल्यावर माझी नजर समोरच्या कपाटाकडे गेली. त्यात माझ्या लग्नातला शालू आहे. पन्नास वर्षांत तो चार वेळा नेसले असेन. दरवर्षी उन्हात घालते, घडी बदलते, परत ठेवते. कोणी न विचारता तो भंगारात दिला असता, तर मी त्याला अनित्य भावना ऐकवली असती का? दुसऱ्याच्या वस्तूवर अपरिग्रह लादणे फार सोपे असते. जे मी केले त्यात अपरिग्रह नव्हताच. मालकाच्या संमतीवाचून त्याची वस्तू दिली, याला आपल्या व्रतांत निराळे नाव आहे. ती वस्तू पुठ्ठ्याच्या खोट्या पायऱ्यांची होती, हे कारण मला पुढे करता येणार नाही. पिठाच्या कोंबड्याची कथा मीच त्याला सांगितली होती.

वाचकहो, संवत्सरीला आपण घरोघर खमतखामणा करतो. मोठ्यांच्या पाया पडून लहान मुले क्षमा मागतात. मोठे मस्तकावर हात ठेवतात आणि विषय तेथेच संपतो. या वर्षी मी उलट दिशेने सुरुवात केली. नातवाला फोन लावला, काय केले ते स्पष्ट सांगितले आणि म्हटले, “मिच्छामि दुक्कडम्.” क्षणभर पलीकडे शांतता होती. मग तो म्हणाला की, सर्व्हर बंद होण्यापूर्वी जगभरच्या काही खेळाडूंनी मोबदल्याची अपेक्षा न ठेवता अनोळखी लोकांच्या असंख्य लेव्हल उतरवून जपून ठेवल्या आहेत. त्यांत आपला डोंगर असू शकेल.

“दिवाळीत घरी येतो, मग दोघं मिळून शोधू,” तो म्हणाला. “सापडला तर तू कळ दाबून उभी राहा.”

मी हो म्हटले आहे. तत्पूर्वी शालूचे काय करायचे, हे सुनेला आणि नातीला विचारून ठरवायचे आहे.