मधला चेंडू कुणाचा?

“आता या वयात काय नवं करायचं?” हे वाक्य आपल्या तोंडी पस्तिशीतच बसतं, नाही का? मैत्रिणींनो, म्हणूनच रोहन बोपण्णाची आठवण करून देते. अमेरिकन ओपन टेनिसच्या पुरुष दुहेरीचा अंतिम सामना तो २०१० साली हरला, २०२३ मध्ये पुन्हा हरला. मधल्या काळात गुडघे पार झिजले. तेव्हा त्यानं अय्यंगार योग धरला. आपल्या पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांची पद्धत! आणि जानेवारी २०२४ मध्ये, वयाच्या ४३व्या वर्षी, मॅथ्यू एब्डनच्या साथीनं ऑस्ट्रेलियन ओपन जिंकून तो दुहेरीच्या जागतिक क्रमवारीत पहिला आला.

हे जमलं कसं? दुहेरीत अर्धं मैदान जोडीदार सांभाळतो. नुसत्या धावण्यापेक्षा सर्व्हिस, जाळ्याजवळचा अंदाज आणि दोघांच्या मधून जाणारा चेंडू कुणी घ्यायचा याची समज जास्त कामी येते.

आपल्या घरातही असे मधले चेंडू असतातच. सासूबाईंचं औषध, मुलाचा गृहपाठ, गॅसचा नंबर लावणं. ते सगळे आपणच घेत राहिलो, तर राहिलेली परीक्षा कधी देणार? आज जेवताना ह्यांना विचारून तर बघा!