विश्लेषण : एका ठिणगीने उपग्रह निकामी कसा होतो?

जपानचा पृथ्वी-निरीक्षण उपग्रह ‘मिदोरी-२’ डिसेंबर २००२ मध्ये अवकाशात गेला. वर्षही पूर्ण झाले नव्हते, तोच ऑक्टोबर २००३च्या अखेरच्या आठवड्यात त्याची वीजनिर्मिती काही मिनिटांत सुमारे ६ किलोवॉटवरून १ किलोवॉटवर आली आणि संपर्क तुटला. ३१ ऑक्टोबरला मोहीम सोडून देण्यात आली.

नेमके काय बिघडले?
जपानी अंतराळ संस्था ‘जाक्सा’च्या चौकशीत संशय गेला तो सौर पॅनेलमधून वीज आणणाऱ्या तारांवर. त्यांच्याभोवती उष्णतारोधक आवरण होते. पण त्याला ‘अर्थिंग’ नव्हते, म्हणजे ते उपग्रहाच्या धातूच्या सांगाड्याशी जोडलेले नव्हते. ध्रुवीय प्रदेशावरून जाताना इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने त्यावर विद्युतभार साचला, ठिणगी पडली आणि तारा जळाल्या, असा निष्कर्ष निघाला.

विद्युतभार साचतो कसा?
हिवाळ्यात स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, तसाच हा प्रकार. फक्त कित्येक पटींनी मोठा. अवकाशातील इलेक्ट्रॉन उपग्रहाच्या पृष्ठभागावर आदळून तिथेच राहतात. सूर्यप्रकाश पृष्ठभागावरील इलेक्ट्रॉन बाहेर काढतो, त्यामुळे तोल राहतो. पृथ्वीच्या सावलीत मात्र ही सोय नसते. सौरवादळाच्या काळात तर भार हजारो व्होल्टपर्यंत जातो. शेजारच्या दोन भागांवरील भारात मोठा फरक पडला की ठिणगी पडते.

पृष्ठभाग झिजतो कशामुळे?
काहीशे किलोमीटर उंचीवर ऑक्सिजनचे सुटे अणू असतात. उपग्रह सेकंदाला सुमारे ८ किलोमीटर वेगाने त्यांना धडकतो आणि प्लास्टिकसारखे पदार्थ अक्षरशः खरवडले जातात. नासाने १९८४ मध्ये नमुने ठेवलेला ‘एलडीईएफ’ उपग्रह वर्षभरासाठी सोडला. ‘चॅलेंजर’ दुर्घटनेमुळे तो १९९०च्या जानेवारीत परतला. त्याच्या मागच्या बाजूचा पांढरा रंग अतिनील किरणांनी तपकिरी झाला होता. पुढच्या बाजूचा रंग पांढराच होता, कारण ऑक्सिजनने वरचा थर खरवडून काढला होता. रंग गडद झाला की उपग्रह जास्त तापतो.

उपाय काय?
झिजणाऱ्या थरावर सिलिकाचा पातळ लेप देतात. अंतराळ स्थानकाच्या सौर पॅनेलवर तो आहे. भार साचू नये म्हणून वीजवाहक लेप देतात आणि प्रत्येक आवरण सांगाड्याशी जोडतात.

भारताशी संबंध काय?
डीटीएच सेवा देणारे उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटरवर, तर पिकांची छायाचित्रे घेणारे बरेच उपग्रह ‘मिदोरी-२’सारख्याच ध्रुवीय कक्षेत असतात. तिथे दुरुस्तीला माणूस पाठवता येत नाही. त्यामुळे जोडायची राहिलेली एक तारही जमिनीवरच सापडावी लागते.